जुना सीएनसी लेथ : दुपार झाली की ४१४, ४२४ अलार्म. ॲम्प्लिफायर बदलायचा की आधी आणखी काही बघायचं?

लेथवाला_जळगाव
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, पाइपच्या साच्यांना लागणारे गोल पार्ट असं जॉबवर्क चालतं. आमच्याकडे एक जुना, दोन ॲक्सिसचा सीएनसी लेथ आहे. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, फॅनक ०-टीसी. एक्स आणि झेड या दोन्ही ॲक्सिसच्या मोटरना वीज देणारा मिळून एकच अल्फा सर्व्हो ॲम्प्लिफायर, म्हणजे एसव्हीयू. स्पिंडलचा, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मोटरचा, इन्व्हर्टर वेगळा, तो थेट ४१५ व्होल्टवर.

तक्रार अशी : सकाळी मशीन सुरळीत चालतं. दुपारी एक-दीडनंतर चालत्या जॉबमध्ये ४१४ आणि ४२४ येतात, सोबत कधीकधी ४०१. रीसेट होत नाही. मेन बंद करून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, आणि थोड्या वेळाने परत तेच. बाहेरून बोलावलेला सर्व्हिसवाला दहा मिनिटांत सांगून गेला की ॲम्प्लिफायर गेला, रिपेअर केलेला आणावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून वडील म्हणतात, भंगारात देऊन टाकू. माझं मन होत नाही. बेड चांगला आहे, बॉलस्क्रूला खेळ नाही, आजही मशीन शंभर जॉबना एक शतांश मिमीच्या आत साइज धरतं. कुणी मार्ग दाखवला तर फार उपकार होतील.

भुसावळ_मेंटेनन्स
आधी विकायचा विचार बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ॲम्प्लिफायर गेला असं कुणालाच म्हणता येणार नाही. गेलेला ॲम्प्लिफायर दुपारची वाट बघत नाही.

पुढच्या वेळी अलार्म आला की मेन स्विचला हात लावू नका. मेन बंद केला की सगळा पुरावा पुसला जातो, आणि आपल्याकडे सगळे नेमकं तेच करतात. त्याच अवस्थेत डायग्नोस-पॅरामचं बटण दाबून डायग्नोसिसच्या पानावर जा आणि ७२० व ७२१ नंबर बघा. ७२० एक्सचा, ७२१ झेडचा. तिथे आठ आकडे दिसतील, शून्य आणि एक. डावीकडचा पहिला बिट ७, उजवीकडचा शेवटचा बिट ०. ज्या बिटवर १ असेल तो दोष : बिट ७ ओव्हरलोड, ६ लो व्होल्टेज, ५ ओव्हरकरंट, ४ एकदम जास्त करंट, ३ जास्त व्होल्टेज, २ रीजनरेशनचा दोष, १ फीडबॅक तुटल्याचा. ४१४ म्हणजे नुसतं "एक्सच्या सर्व्होत काहीतरी आहे" एवढंच, ४२४ तेच झेडचं. काय आहे ते हे आठ आकडे सांगतात.

दुसरं, पॅनल उघडून ॲम्प्लिफायरवरच्या छोट्या डिस्प्लेवर कोणता आकडा आहे ते बघा. नीट चालताना तिथे ० असतो. १ म्हणजे डीसी लिंकचं (एसीचं डीसी करून ॲम्प्लिफायरच्या आत साठवतात त्याचं) व्होल्टेज जास्त, २ म्हणजे कंट्रोल सप्लाय कमी, ३ म्हणजे डीसी लिंकचं व्होल्टेज कमी, ८ आणि ९ म्हणजे एकेका ॲक्सिसला जास्त करंट. दोन्हींचे फोटो काढून इथे टाका.

आणि तिसरं ऑपरेटरला विचारा : अलार्म नेमका कशात येतो? कट चालू असताना, रॅपिडमध्ये (टूल न कापता वेगाने सरकतं तेव्हा), की स्पिंडल उचलताना?

रेट्रोफिट_धुळे
एवढी खटपट कशाला? मी अवधानला दोन मशीनचं कंट्रोल काढून नवं बसवून दिलंय. नवा ड्राइव्ह, नव्या मोटर, पुढची दहा वर्षं बघायला नको. जुन्या कंट्रोलचे पार्ट मिळणं कमीच होत जाणार आहे.

भुसावळ_मेंटेनन्स
रेट्रोफिटला माझा विरोध नाही, मीही करून घेतलंय. पण दोष न शोधता रेट्रोफिट केलं, तर सप्लाय तोच, ट्रान्सफॉर्मर तोच, केबल चेन (हलत्या भागाकडे वायरी नेणारी कड्यांची साखळी) तीच राहते. जुन्याला जे छळत होतं ते नव्यालाही छळणार. आधी कारण सापडू द्या, मग निर्णय घ्या.

अमळनेर_सर्किट
दादांशी पूर्ण सहमत. मी बोर्ड रिपेअर करते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बोर्डांत दोष सापडतच नाही. बोर्ड टेस्टला लावला की नीट चालतो, परत पाठवला की मशीनवर पुन्हा अलार्म. दोष पॅनलमध्ये, केबलमध्ये किंवा सप्लायमध्ये असतो आणि पैसे बोर्डावर जातात. लेथवाला भाऊ, त्या माणसाने ॲम्प्लिफायर गेला म्हणताना मीटर लावून काही मोजलं होतं का?

लेथवाला_जळगाव
ताई, मीटर बॅगेतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

आज दुपारी अलार्म आला. दादांनी सांगितल्याप्रमाणे मेन बंद न करता सगळं पाहिलं. ७२० ला ०१००००००, ७२१ लाही तेच. ॲम्प्लिफायरवर ३. ऑपरेटर म्हणतो, कट चालू असताना कधीच येत नाही. टूल मागे घेताना किंवा जॉबकडे जाताना, म्हणजे जी शून्य शून्यवर, रॅपिडमध्ये येतो. स्पिंडल थांबवून हाताने रॅपिड दिलं तरी आला.

भुसावळ_मेंटेनन्स
वा, उत्तम काम केलंत. आता चित्र बरंच साफ झालं.

बिट ६ आणि आकडा ३ एकच गोष्ट सांगतात : डीसी लिंकला पुरेसं व्होल्टेज नाही. दोन्ही ॲक्सिसला एकदम आला, म्हणजे एका मोटरचा किंवा एका केबलचा दोष नाही, दोघांत जे सामाईक आहे तिथे बघायचं. स्पिंडल बंद असतानाही येतो, म्हणजे स्पिंडल उचलताना बसणाऱ्या झटक्याचा संबंध नाही. आणि फक्त रॅपिडमध्ये येतो, कारण तेव्हाच मोटर एकदम करंट ओढतात. सावकाश कट घेताना हाच अशक्त सप्लाय कसाबसा पुरतो.

आता बाहेरून आत मोजत या. मेन स्विच, मग ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वीज आत येते ती बाजू), मग सेकंडरी (बाहेर जाते ती), मग कॉन्टॅक्टरच्या (पॉवर चालूबंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) वर, कॉन्टॅक्टरच्या खाली, शेवटी ॲम्प्लिफायरचे टर्मिनल. प्रत्येक ठिकाणी तिन्ही जोड्या मोजा : आर-एस, एस-टी, टी-आर. सकाळी एकदा आणि दुपारी अलार्मच्या वेळेला एकदा, दोन्ही आकडे लिहा. या ॲम्प्लिफायरला २०० ते २३० व्होल्ट लागतात, वर १० टक्के आणि खाली १५ टक्के चालतं. म्हणजे १७० च्या खाली गेलं की तक्रार सुरू.

एक काळजी घ्या. आत हात घालण्याआधी मेन बंद करा, ॲम्प्लिफायरवरचा चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा, त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून शून्य झालंय याची खात्री करा. चालू असताना तिथे २८० च्या आसपास डीसी असतं. ते माणसाला सोडत नाही. चालू पॅनलवर मोजताना शेजारी एक माणूस उभा पाहिजेच, आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत पाहिजे.

वायंडर_धुळे
तुन्हं बरोबर शे भाऊ. फक्त एक जोडतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी वायर लावायच्या जागा असतात, ३८०, ४१५, ४४०. वायर कोणत्या टॅपवर आहे तेही बघून घ्या. जुन्या मशीन जागा बदलतात, पण टॅप कुणी बदलत नाही. माझ्याकडे जळून येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्येही हे दिसतं.

लेथवाला_जळगाव
आकडे घ्या.

सकाळी मेनला ४१८, ४२०, ४१६. सेकंडरीला १९० च्या आसपास, तिन्ही जोड्या जवळजवळ सारख्या. दुपारी मेनला ३९०-३९२. सेकंडरी १७७-१७८. टॅप ४४० वर आहे! आधीच्या मालकाने कधी काळी लावला असेल, आमच्याकडे आल्यापासून कुणी पाहिलेलाच नाही.

वायंडर_धुळे
हिशोब बरोबर जुळतो. २०० ला ३९० ने गुणा, ४४० ने भागा, १७७ येतात. ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे, त्याला जे मिळतंय त्याच्या प्रमाणात तो देतोय. टॅप ४१५ वर घ्या. दुपारच्या ३९० ला १८८ मिळतील, आणि रात्री लोड उतरून मेन ४४० झालं तरी २१२ च्या पुढे जाणार नाही.

लेथवाला_जळगाव
३८० वर का नको? आणखी जास्त मिळेल ना?

भुसावळ_मेंटेनन्स
मिळेल, पण रात्री ४४० झालं की सेकंडरी २३१ ला जाईल. तेही मर्यादेत आहे. पण मोटर ब्रेक घेते तेव्हा ऊर्जा उलटी डीसी लिंकमध्ये येते, आधीच चढलेल्या लिंकवर ती आली की मग आकडा १, म्हणजे जास्त व्होल्टेजचा अलार्म. मधला टॅप दोन्हीकडून सुरक्षित.

पण भाऊ, टॅपवर थांबू नका. १७७ अजून १७० च्या वर आहे. नुसत्या त्याने रोज अलार्म यायला नको होता. अजून कुठेतरी व्होल्टेज गळतंय. कॉन्टॅक्टरच्या वर आणि खाली मोजलं का?

लेथवाला_जळगाव
मेन बंद करून, कॉन्टॅक्टर हाताने दाबून तिन्ही पोल मीटरच्या बझरवर तपासले. तिन्ही वाजतात.

भुसावळ_मेंटेनन्स
बझरवर विश्वास ठेवू नका. मीटर त्या तारेतून अगदी नगण्य करंट पाठवतं. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. खरी परीक्षा लोडवर होते. मशीन चालू, एक जण रॅपिड मागेपुढे देतोय, आणि तुम्ही एसी व्होल्टवर मीटर ठेवून एकाच पोलच्या वर आणि खाली प्रोब लावा. वरच्या आर पासून खालच्या आर पर्यंत, मग एस, मग टी. चांगला कॉन्टॅक्ट असेल तर शून्याच्या जवळ, फार तर काही मिलिव्होल्ट. तिथे व्होल्ट दिसले तर चोर तिथेच.

प्रोबची टोकं टेपने गुंडाळून फक्त अग्र उघडं ठेवा, शेजारच्या पोलला लागायला नको.

लेथवाला_जळगाव
सापडलं!

आर आणि टी पोलवर मीटर हलतच नाही. मधल्या एस पोलवर रॅपिड दिलं की आकडा उडी मारून १४-१५ व्होल्टला जातो आणि ॲक्सिस थांबला की परत खाली. मेन बंद केला, दिवा विझू दिला, डीसी शून्य झालेलं पाहिलं आणि कॉन्टॅक्टर उतरवला. मधल्या पोलच्या खालच्या स्क्रूशी वायरला लगच (टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) नव्हता, उघड्या तारा तशाच वळवून स्क्रूखाली दाबलेल्या. अर्ध्याअधिक तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या पडलेल्या. बोटभर लांबीपर्यंत इन्सुलेशन चॉकलेटी होऊन कडक झालेलं, नखाने दाबलं तर कवच तडकून पडलं. आतल्या कॉन्टॅक्टच्या चांदीच्या टिकल्याही मधल्याच पोलच्या खड्डे पडलेल्या, बाकी दोन ठीक.

म्हणजे दुपारी १७७ मधून हे पंधरा वजा झाले की एका फेजला १६२. आता कळलं सगळं.

भुसावळ_मेंटेनन्स
अगदी असंच. आणि उन्हाचाही भाग आहे. सैल जोड तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ असताना पॅनलच्या आत काय होत असेल! म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी अलार्म. अर्धा तास बंद ठेवलं की जोड थंड होतो, म्हणून परत चालायचं.

कॉन्टॅक्टर पॉलिशपेपरने घासून परत लावू नका. टिकल्यांवरचा चांदीचा थर गेला की तो पुन्हा येत नाही. त्याच रेटिंगचा नवा घ्या, कॉइलचं व्होल्टेज बघून घ्या, बहुतेक ११० असेल. प्रत्येक वायरला योग्य मापाचा लग, क्रिम्पिंग टूलने दाबलेला, पक्कडीने चेपलेला नको. आणि हाच एक का, पॅनलमधले सगळे पॉवर टर्मिनल एकदा स्क्रू-ड्रायव्हरने तपासा.

चाळीसगाव_स्पिनिंग
धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडते ती सांगावीशी वाटते. अर्थिंग. आपली कपाशीची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात. अर्थ पिटभोवतीची माती पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिल-मे मध्ये नावापुरती उरते. मग एन्कोडरमध्ये (मोटरची पोझिशन मोजणाऱ्या भागात) नॉइज, विनाकारण पोझिशन बिघडणं, स्क्रीनवर न समजणारे अलार्म. उन्हाळाभर पिटमध्ये पाणी घाला, आणि अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच मोजा. पावसाळ्यात मोजलेला आकडा काही सांगत नाही. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मशीन लोडवर असताना किती व्होल्ट आहेत तेही बघा. दोन-तीनच्या पुढे असतील तर शोध घ्यायला हवा.

रेट्रोफिट_धुळे
अर्थिंगचा मुद्दा सोळा आणे. नव्या ड्राइव्हलाही तोच त्रास होतो. कबूल करतो, या मशीनला रेट्रोफिटची गरज नव्हती.

पण स्टॅबिलायझर तरी लावा. ३९० आणि ४४० मध्ये हेलकावे खाणाऱ्या सप्लायवर मशीन चालवू नका.

भुसावळ_मेंटेनन्स
स्टॅबिलायझर लावायला हरकत नाही, पण त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते आधी ठरवा. सर्व्हो स्टॅबिलायझरच्या आत मोटर फिरून व्होल्टेज सुधारतं, त्याला वेळ लागतो. दिवसभरात सावकाश होणारा चढउतार तो सांभाळतो. शेजारच्या शेडमधली मोठी मोटर सुरू होताना क्षणभर बसणारी खोच तो सांभाळू शकत नाही. टॅप बदलल्यावर मर्यादेत येत असेल, तर तो पैसा आधी चांगल्या कॉन्टॅक्टरवर, लगवर आणि अर्थ पिटवर घाला.

रेट्रोफिट_धुळे
इथे मात्र माझं मत वेगळं आहे दादा. नर्डाण्याच्या बाजूला मी सप्लाय याहून वाईट पाहिलाय. तिथे स्टॅबिलायझरशिवाय मी मशीन सुरूच करून देत नाही.

भुसावळ_मेंटेनन्स
जागेवर मोजून ठरवलं असेल तर बरोबरच आहे.

लेथवाला_जळगाव
नवा कॉन्टॅक्टर बसवला, सगळ्यांना लग लावले, टॅप ४१५ वर घेतला. दुपारी मुद्दाम रॅपिडवर चालवून बघितलं, ॲम्प्लिफायरवर ० हलला नाही. दादा, ताई, वायंडर भाऊ, तुमचे आभार कसे मानू?

पण आज संध्याकाळी नवीनच झालं. टरेट (टूल बसवलेलं फिरतं डोकं) फिरत असताना मशीन एकदम बंद. ऑन दाबलं की स्क्रीन येत नाही. कंट्रोलच्या पॉवर युनिटवर हिरवा दिवा आहे, आणि त्याच्याजवळ लाल दिवाही लागलाय. हे आधीच्या कामामुळे झालं का?

अमळनेर_सर्किट
भाऊ, घाबरू नका, याचा कॉन्टॅक्टरशी संबंध दिसत नाही. हिरवा दिवा म्हणजे युनिटला २०० व्होल्ट मिळतात. लाल म्हणजे बाहेर जाणारा एखादा सप्लाय दबलाय. पॉवर युनिटवर एफ-१४ नावाचा फ्यूज आहे, तो मशीनवरच्या लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी, पुश बटण यांना जाणाऱ्या २४ व्होल्टचा. तो उडाला असणार. टरेट फिरताना झालं म्हणता, म्हणजे हलणाऱ्या एखाद्या वायरची बॉडीशी गाठ पडलीये.

नवीन फ्यूज लगेच टाकू नका, तोही उडेल. जास्त अँपिअरचा तर मुळीच टाकू नका. आणि तार तर कधीच नाही. तार टाकलेले पॉवर युनिट माझ्याकडे येतात, तेव्हा ट्रॅकच जळून गेलेला असतो.

आता एक युक्ती सांगते. ट्रकचा २४ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब आणा, २१ वॉटचा, होल्डरसकट. हायवेवरच्या कुठल्याही ट्रक इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. मेन बंद करा. कंट्रोलकडून मशीनकडे जाणारी ती २४ व्होल्टची वायर टर्मिनल स्ट्रिपवर सोडवा, म्हणजे कंट्रोल सुरक्षित राहिलं. मग बाहेरचा वेगळा २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेऊन त्याचा प्लस या बल्बमधून मशीनच्या वायरला द्या, मायनस मशीनच्या शून्य व्होल्टला. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल. नसेल तर मिणमिणेल किंवा पेटणारच नाही, कारण स्विच आणि प्रॉक्सिमिटी फारच थोडा करंट घेतात. पेटलेल्या बल्बमधून एक अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून काही जळत नाही आणि फ्यूज वाया जात नाहीत. बल्ब पेटलेला ठेवून एकेक फांदी सोडवत जा. जी सोडवल्यावर बल्ब मंद होईल, तीत दोष. आणि बल्ब आधीच मंद असेल, तर एकाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने केबल हलवत जायचं.

वायंडर_धुळे
ताई, ही बल्बची पद्धत मी आजच माझ्या पोरांना शिकवणार.

लेथवाला_जळगाव
एफ-१४ उडालेलाच होता. अजिंठा चौफुलीजवळून बल्ब आणला. जोडला तर मंद, अगदी तांबूस. टरेटचा कनेक्टर उघडला, आत कूलंटचा ओलावा होता, पुसून वाळवला, पण बल्बमध्ये फरक नाही. मग हेल्परला बल्बजवळ बसवलं आणि मी केबल चेन एकेक कडीने उचलत गेलो. सॅडलच्या टोकाशी जिथे चेन वळते तिथे दाबलं आणि तो ओरडला, "पेटला!"

चेन उघडली. एक्सच्या लिमिट स्विचची वायर कडीच्या पत्र्यावर घासून तांबं दिसत होतं, आणि तिथेच लोखंडाचा बारीक चुरा कूलंटमध्ये भिजून लगदा झालेला. टरेट फिरताना जो धक्का बसतो त्याने वायर पत्र्याला टेकत असावी.

अमळनेर_सर्किट
छान! टेप गुंडाळून चेन बंद करू नका. आणि चेनच्या आत जोडही देऊ नका, तो वाकून वाकून पुन्हा तुटतो. अख्खी नवी वायर टाका, बारीक तारांची, चेनसाठीच बनवलेली फ्लेक्सिबल. चेनमध्ये भरताना थोडी मोकळीक ठेवा, ताणून बांधू नका. सगळं झाल्यावर बल्बवर पुन्हा तपासा, चेन पूर्ण मागेपुढे करून, आणि मगच खरा फ्यूज, होता तेवढ्याच अँपिअरचा.

एवढं पॅनल उघडलंच आहे तर बॅटरीही बघा. ०-सीरिजच्या मेमरीला टॉर्चमध्ये घालतात तसे मोठे डी साइजचे तीन सेल असतात, दीड-दीड व्होल्टचे. स्क्रीनवर बीएटी लुकलुकायला लागलं की बदलायचे. बदलताना कंट्रोल चालू असलंच पाहिजे, बंद करून सेल काढले की सगळे पॅरामीटर उडतात. साधे झिंकचे सेल नकोत, अल्कलाइनच घ्या, नाहीतर पाझरून पेटी खातात.

लेथवाला_जळगाव
पॅरामीटर आमच्याकडे कुठेच लिहिलेले नाहीत. मशीन आणलं तेव्हा कुणी दिले नाहीत.

भुसावळ_मेंटेनन्स
मग बाकी सगळं सोडा आणि हे आज करा. मोबाइलने पॅरामीटरच्या एकेका पानाचा फोटो काढा, शून्यापासून शेवटपर्यंत, विशेषतः ९०० च्या पुढचे. ते ऑप्शनचे असतात, मशीन-मशीनला वेगळे, आणि गेले तर अंदाजाने भरता येत नाहीत. नंतर सवडीने आरएस-२३२ केबलने लॅपटॉपवर घ्या. मी ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट असं ठेवतो. फोटो स्वतःच्या फोनमध्ये, वडिलांच्या फोनमध्ये आणि एक छापील प्रत पॅनलच्या दाराच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत. मेमरी गेलेलं चांगलं मशीन निव्वळ या कागदांअभावी भंगारात जाताना मी पाहिलंय, अजून जीव हळहळतो.

नंदुरबार_जॉबशॉप
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या मशीनला ४१६ येतो, तोही कधीतरीच. मोटर बदलावी लागेल का?

भुसावळ_मेंटेनन्स
४१६ म्हणजे एक्सच्या पोझिशन डिटेक्टरची वायर तुटल्यासारखी वाटते असं कंट्रोल म्हणतंय. मोटर शेवटी. आधी मोटरच्या मागचा गोल कनेक्टर उघडा, आत कूलंट गेलंय का बघा, पिनांवर हिरवट थर असेल तर तोच दोष. मग एन्कोडरला जाणारे ५ व्होल्ट मोटरच्या टोकाला मोजा, कंट्रोलच्या टोकाला नाही. लांब, जुन्या केबलमध्ये तिथपर्यंत पोचता पोचता ते कमी पडतात. आणि मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचाच असेल तर पॉवरच्या वायरी ॲम्प्लिफायरवरून सोडवून, ५०० व्होल्टचा मेगर, फक्त वाइंडिंग आणि बॉडीत. एन्कोडरच्या पिनांना मेगर लागला तर तो जागीच संपतो. वाइंडिंगला १०० मेगओहमच्या वर असेल तर निर्धास्त, १० च्या खाली आलं तर मोटर लक्षात ठेवा, एकच्या खाली असेल तर बदला.

नंदुरबार_जॉबशॉप
कनेक्टरमध्ये कूलंट होतं दादा. हिरवट थरही. ५ व्होल्ट उद्या मोजतो.

चाळीसगाव_स्पिनिंग
कनेक्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि रबरची रिंग नवी घाला. जुनी रिंग चपटी झालेली असते, तिथूनच पाणी शिरतं.

लेथवाला_जळगाव
नवी केबल टाकली, बल्ब आता कुठेही चेन हलवली तरी मंदच राहतो. फ्यूज घातला, मशीन चालू. पॅरामीटरचे फोटो झाले.

एक शंका. उन्हाळ्यात आम्ही पॅनलचं दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावतो. आजूबाजूच्या शेडमध्येही सगळे लावतात. चालेल ना?

अमळनेर_सर्किट
नको भाऊ, कृपा करून नको. तो फॅन थंड हवेबरोबर कास्टिंगची धूळ आणि कूलंटची वाफ थेट बोर्डवर मारतो. त्या दोन्हींचा मिळून जो काळा चिकट थर बसतो, तो वीज वाहतो. पावसाळ्यात हवेत ओल आली की मग आयसीच्या पायांमध्ये शॉर्ट सुरू होतात, म्हणून जून-जुलैत माझ्याकडे रांग लागते. दार बंद ठेवा. दाराचं रबर नवं लावा, पॅनलचा फॅन बदला, फिल्टर दर आठवड्याला धुवा. तरी भागलं नाही तर पॅनलचा एसी बसवा. आणि काँप्रेसरच्या हवेने बोर्ड झाडू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे.

आयटीआय_पाचोरा
लेथवाला भाऊ, मी आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. हा अख्खा धागा मुलांना वाचून दाखवला. एक विनंती आहे. सुटीच्या दिवशी पाच-सहा मुलांना तुमचं पॅनल बघायला आणू का? लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजणं आणि बल्बने शॉर्ट शोधणं, हे दोन्ही त्यांना खऱ्या मशीनवर बघायला मिळेल. वर्गातल्या बोर्डवर हे समजत नाही.

लेथवाला_जळगाव
या सर, रविवारी सकाळी दहाला. जळालेला कॉन्टॅक्टर आणि घासलेली वायर टाकून दिलेली नाही, टेबलावर ठेवतो. मुलांकडून एक काम करून घेता येईल का? पॅनलमधल्या अर्ध्या वायरींचे नंबर पुसले गेलेत. ड्रॉइंग समोर ठेवून एकेक वायर बझरवर ओळखायची आणि नवे नंबर फेरूल (वायरवर चढवायच्या नंबरच्या नळ्या) घालायचे. मेन स्विचला कुलूप लावून चावी तुमच्या खिशात देतो. फेरूलचे पाकीट मी आणून ठेवतो, मुलांना फक्त स्क्रू-ड्रायव्हर आणि मीटर आणायला सांगा.

आयटीआय_पाचोरा
चालेल. चावी मात्र मुलांपैकी एकाच्या खिशात ठेवू. आणि डीसी शून्य झालंय हे सगळ्यात आधी प्रत्येक जण स्वतः मोजेल, मगच कुणाचा हात आत जाईल.